परत घ्याल का?

प्रल्हाद मोघ्यांना मुलींची चौकशी करणारे फोन येणं काही नवं नव्हतं. इंदूर, ग्वाल्हेर, पुणे, सोलापूर, कुठूनही फोन येई. पलीकडचा माणूस आधी काशीच्या हवेची विचारपूस करी, मग गंगेचं पाणी उतरलं का ते विचारी आणि मग घसा खाकरून मुद्द्यावर येई: दूधविनायक गल्लीतल्या अमक्यांची मुलगी आमच्या मुलाला सांगून आली आहे, तुमचं म्हणे त्यांच्याकडे जाणंयेणं आहे. बनारसमध्ये मराठी घरं ती किती, आणि त्यातल्या कुठल्या घरात प्रल्हादरावांनी चहा घेतलेला नाही? शिवाय माणूस विम्याच्या धंद्यातला. कोणाच्या घरात काय जपण्यासारखं आहे आणि काय जळण्यासारखं, हे त्यांना घरमालकाच्या आधी दिसायचं.

चौकशीला उत्तर द्यायची त्यांची एक ठरलेली पद्धत होती. आधी चार गुण सांगायचे, मग एक खोट सांगायची. खोट न सांगणाऱ्याचे गुणही कोणी खरे मानत नाही, असं त्यांचं मत. आणि खोट अशी निवडायची की ऐकणाऱ्याला वाटावं, एवढंच ना, मग चालेल. एका मुलीबद्दल ते म्हणाले होते की पोहे फार तिखट करते. ती आज सोलापुरात सुखाने नांदते आहे आणि पोहे तिखटच करते.

म्हणून बेंगळुरूहून एका मुलीने फोन करून हिमानी करंबेळकरबद्दल काही विचारायचंय म्हटलं, तेव्हा प्रल्हादराव खुर्चीत सावरून बसले. हे स्थळ नाही, नोकरी आहे, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पण चौकशी ती चौकशी, आणि मुलगी ती आपलीच मुलगी.

हिमानी त्यांच्या कचेरीतली. कचेरी म्हणजे गोमती जनरल इन्शुरन्सची बनारस शाखा. कंपनीचं मुख्य ऑफिस कानपूरला, शाखा मोजक्या, आणि ही शाखा ठठेरी बाजारात भांड्यांच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर पितळेवर हातोडी चाले आणि वर विमा. माणसं तीनच: शाखाधिकारी प्रल्हादराव, हिशेब बघणारे बिंदुमाधव, ज्यांना कमी ऐकू येत असल्याने हातोडीचा त्रास नव्हता, आणि बाकी सगळं बघणारी हिमानी. विणकरांचे माग, साड्यांची गोदामं, मल्लाहांच्या नावा, हलवायांच्या भट्ट्या, असल्या गोष्टींचे विमे. क्लेम कसा करायचा, असं कोणी फोनवर विचारलं तर उत्तर एकच असे: वर या. मग माणूस खरंच वर येई, आणि बहुतेकदा भिजलेली वस्तू सोबत घेऊन येई.

छोट्या कंपनीचं हे असं. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. त्याचा तोटाही प्रल्हादराव जाणून होते. दूधविनायकावरच्या एकाही मराठी घराने आजारपणाचा विमा त्यांच्याकडून घेतला नव्हता. मोघ्यांना मूळव्याध कळली की मंगळागौरीच्या देवळात दर्शनाला येणाऱ्या सगळ्यांना कळली, असा लोकांचा हिशेब. हिशेब अगदीच चुकीचा होता असं म्हणवत नाही.

आणि या कचेरीतून आजवर कोणी राजीनामा दिला नव्हता. माणसं निवृत्त झाली, काही नोकरीत असतानाच गेली, एक जण हरिद्वारला जाऊन साधू झाला आणि त्याची किरकोळ रजा अजून मंजूर व्हायची होती. त्यामुळे हिमानीने समोर लिफाफा धरला तेव्हा प्रल्हादरावांनी सवयीने विचारलं, सही कुठे करू? मग वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. सिग्राच्या काचेच्या इमारतीतली ती मोठी कंपनी, जिची जाहिरात क्रिकेटच्या दोन षटकांच्या मध्ये लागते, तिने हिला घेतलं होतं. ते 'बरं' म्हणाले आणि खालून मातीच्या पुरव्यातला चहा मागवला. का जातेस, ते विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं तर ऐकावं लागेल.

तर तो फोन. बेंगळुरूची मुलगी कंपनीची नव्हे, कंपनीने चौकशीसाठी नेमलेल्या दुसऱ्याच कोणाची होती. मोठ्या कंपन्या चौकशीसुद्धा भाड्याने करून घेतात, याचं प्रल्हादरावांना नवल वाटलं. तिने विचारलं, कधीपासून काम करतात? त्यांनी हिमानी पहिल्या दिवशी कोणत्या रंगाची ओढणी घेऊन आली होती तेही सांगितलं. प्रामाणिक आहेत का? ते म्हणाले, माझ्या घराची किल्ली तिच्याकडे असते. सगळ्यांशी जुळवून घेतात का? ते म्हणाले, बिंदुमाधवांशी जुळवून घेते, म्हणजे कोणाशीही घेईल. मग रीतीप्रमाणे त्यांनी खोट सांगितली: जरा हळू आहे, जिथे पाणी शिरलं तिथे स्वतः जाऊन बघितल्याशिवाय कागदाला हात लावत नाही. पलीकडे कळफलक खडखडत होता. प्रल्हादरावांना वाटलं, छान चाललंय.

"सर, आख़िरी सवाल," ती मुलगी म्हणाली. "मौक़ा मिला तो आप इन्हें वापस लेंगे?"

प्रल्हादरावांच्या अंगावर काटा आला. मुलगी अजून उंबऱ्याबाहेर पडली नाही आणि ही बया परत येण्याचं विचारते! सासरी निघालेल्या मुलीला दारात उभं करून कोणी म्हणतं का, परत आलीस तर घेऊ हं? आपल्यात तर निघताना 'जाते'सुद्धा म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात, पण ते सणावाराला येणं. हे येणं वेगळं. असलं बोलणं तोंडातून काढूच नये.

"नहीं," ते ठणकावून म्हणाले. "बिलकुल नहीं. वापस क्यों आएगी?"

मुलीने आभार मानून फोन ठेवला. 'सुखी रहे' म्हणायचं त्यांच्या ओठांवर होतं, ते तसंच राहिलं.

मोठ्या कंपनीत रुजू व्हायची तारीख आली आणि गेली, तरी हिमानी ठठेरी बाजारात येतच राहिली. प्रल्हादरावांना आधी वाटलं, विचार बदलला असेल. तिच्या तोंडाकडे न बघता त्यांनी आनंद करून घेतला. सकाळी येताना कचौरी-जिलेबी आणली, बिंदुमाधवांना मोठ्याने ओरडून दोन विनोद सांगितले, खिडकीची काचही पुसून घेतली. हिमानीने जिलेबी घेतली नाही. मागाच्या विम्याचे कागद ती एका मागोमाग एक निपटत होती, पण डोळे कागदावर नव्हते.

दुपारी खालची हातोडी जेवायला थांबली तेव्हा ती त्यांच्या टेबलापाशी आली.

"काका, एक विचारू? माझं काम इतकं वाईट होतं का?"

आधी त्यांना कळेचना. मग तिने फोनवर आलेला निरोप दाखवला. नेमणूक थांबवून ठेवली होती. कारण एका ओळीत: सध्याची कंपनी या व्यक्तीला पुन्हा कामावर घ्यायला तयार नाही. मोठ्या कंपनीत ज्याला जुना मालक परत घेत नाही त्याने काहीतरी काळंबेरं केलं असणार असं धरतात. चोरी, भांडण, खोटी बिलं, काहीही. ती ते हळू आवाजात समजावून सांगत होती, जणू बाहेरच्या क्लेमवाल्याला समजावते आहे.

प्रल्हादरावांनी मग आपली बाजू मांडली. सासरी निघालेली मुलगी, उंबरा, अपशकुन, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांच्याच लक्षात आलं की ठठेरी बाजारात जे बोलणं शहाणपणाचं वाटत होतं ते बेंगळुरूत पोचेपर्यंत अगदी भलतं झालं होतं. हिमानीला हसू येत होतं, पण ते पुरं फुटलं नाही.

"काका, ते लग्न नाहीये हो," ती म्हणाली. "उनके यहाँ बस एक टिक होता है. हो किंवा नाही."

घरी गेल्यावर त्यांनी हे बायकोला सांगितलं. प्रभावतीबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान वर न करता विचारलं, "खरं सांगा, आशीर्वाद म्हणून 'नाही' म्हणालात, की राग म्हणून?"

प्रल्हादरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नुकसानीचे हिस्से पाडले होते: आगीने किती, पाण्याने किती, निष्काळजीपणाने किती. स्वतःच्या 'नाही'चे हिस्से पाडायला त्यांना जरा वेळ लागला. शेवटी म्हणाले, साठ टक्के आशीर्वाद असेल. प्रभावतीबाईंनी उरलेल्याचं काही विचारलं नाही. मेथीच्या काड्या उचलून त्या आत गेल्या. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं प्रल्हादरावांना वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचं जाकीट घालून ते मैदागिनला बॅटरीवरच्या टोटो रिक्षात बसले आणि सिग्राला गेले. फोन करून बघितला होता, पण त्या कंपनीचा फोन माणूस उचलत नाही. एक दाबा, दोन दाबा असं करत शेवटी तो पुन्हा एकवरच येतो. इमारतीच्या दारात एका मुलाने त्यांचा फोटो काढून गळ्यात पट्टी अडकवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी विचारलं, आप किससे मिलेंगे? बनारसमध्ये प्रल्हाद मोघे कोणाला भेटायला आले आहेत हे सांगावं लागण्याची वेळ कधी आली नव्हती.

भेटला तो ऋतुराज श्रीवास्तव, माणसांच्या खात्याचा साहेब, पस्तिशीचा, नम्र पोरगा. प्रल्हादरावांनी मनाची तयारी केली होती ती एखाद्या उर्मट माणसाशी भांडायची. नम्र माणसाशी कसं भांडावं ते त्यांना येत नव्हतं. ऋतुराजने पाणी दिलं, सगळी हकिगत ऐकली, आणि सासरी निघालेल्या मुलीचा भाग आला तेव्हा त्याने खालचा ओठ दाताखाली धरला. त्याच्याही बहिणीचं नुकतंच लग्न झालं होतं. पण सर, तो म्हणाला, माझ्यापुढे नाव येत नाही, नंबर येतो. त्या नंबरापुढे 'नाही' असेल तर मी काही करू शकत नाही. तुमच्या कंपनीच्या अधिकृत मेलवरून दोन ओळी आल्या तर मात्र तो 'नाही' बदलता येईल.

निघता निघता प्रल्हादरावांनी विचारलं, ही मुलगी बसणार कुठे? ऋतुराजने काचेतून मोठा हॉल दाखवला. पूर्वांचलातले पुराचे सगळे क्लेम इथे येतात, तो सांगू लागला. फोटो फोनवर येतात. कोणाचं घर आहे हे निर्णय देणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि निर्णय कोणी दिला हे घरवाल्याला कळत नाही.

"और ग़लत काट दिया, तो आदमी लड़ने कहाँ आए?"

"टोल-फ्री नंबर है, सर," ऋतुराज म्हणाला, आणि ते त्याच्याच कानाला बरं लागलं नसावं, कारण त्याने लगेच इथल्या सोयी सांगायला घेतल्या: संध्याकाळी मुलींना घरी सोडायला गाडी, आईवडिलांच्या दवाखान्याचा खर्च, पुढे पुण्याला बदलीची संधी.

प्रल्हादरावांचं लक्ष हॉलमध्ये होतं. कोपऱ्यात एक मुलगी डबा खात होती. सावकाश, एकेक घास. मध्येच तिने हिरवी मिरची बाजूला काढून ठेवली. तिच्यासमोर भिजलेली रजई आणून कोणी टाकत नव्हतं. हिमानीला ठठेरी बाजारात डबा असा खाताना आपण कधी बघितलं, ते त्यांनी आठवून पाहिलं. आठवलं नाही.

परत आले तेव्हा हिमानी एका नाववाल्याला समजावत होती की इंजिन चोरीला गेलं असेल तर पोलिसांचा कागद लागेल, शपथ चालणार नाही. तो गेल्यावर प्रल्हादराव म्हणाले, मेल पाठवायचंय. कोणाला, तिने विचारलं. तुझ्याच कंपनीला, तुझ्याबद्दल.

अडचण अशी होती की गोमती जनरलच्या बनारस शाखेचं अधिकृत मेल उघडता येत होतं फक्त हिमानीला. बिंदुमाधव संगणकाकडे पाठ करून बसत आणि प्रल्हादरावांना तो फक्त बंद करता येई. म्हणजे स्वतःची शिफारस तिने स्वतःच टाइप करायची होती. ती म्हणाली, हे बरं दिसत नाही. ते म्हणाले, मी सांगतो, तू लिही, आणि मध्ये काही बदलू नकोस.

त्यांनी खुर्ची तिच्या शेजारी ओढून घेतली. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला ते अडले आणि जे त्या लिफाफ्याच्या दिवशी विचारायला हवं होतं ते आता विचारलं.

"का जातेस गं?"

हिमानीची बोटं थांबली. पगार, गाडी, दवाखाना, यातलं काहीतरी ती सांगेल अशी त्यांची अपेक्षा होती, आणि त्यावर मान डोलवायची त्यांची तयारी होती.

"शरदिनीबाईंमुळे," ती म्हणाली.

राजा घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत शरदिनीबाईंचा गाण्याचा वर्ग. हिमानी लहानपणी तिथेच शिकली. मागल्या भाद्रपदात पाणी वर्गात शिरलं आणि तंबोरे रात्रभर पाण्यात राहिले. भोपळे फुगून फुटले. विम्यात वर्गाची सतरंजी होती, कपाट होतं, पंखे होते. वाद्यं लिहायची राहून गेली होती. हिमानी स्वतः जाऊन बघून आली, जे कागदात होतं तेवढंच मंजूर केलं, तंबोऱ्यांचं नामंजूर केलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं.

"भांडल्या असत्या ना काका, तो अच्छा होता," ती सांगत होती. "नंतर मंगळागौरीच्या देवळात भेटल्या. मी नमस्कार केला. म्हणाल्या, 'कशा आहात? या कधी घरी.' मला! सात वर्षांची होते तेव्हापासून माझी वेणी ओढून सूर लावायला शिकवलाय त्यांनी. मला 'आहात' म्हणाल्या."

नामंजुरीच्या त्या कागदावर खाली प्रल्हादरावांचीही सही होती. आणि दिवाळीला शरदिनीबाईंकडून त्यांच्या घरी चिवडा आला होता, नेहमीसारखा, खोबऱ्याचे काप घातलेला. त्यांनी तो खाल्लाही होता. आपल्याकडे चिवडा आला म्हणजे सगळ्यांकडे सगळं ठीक आहे, असं ते धरून चालले होते. छोट्या कंपनीत नकार द्यायला माणूस समोर जातो, आणि समोर गेलेल्याच्याच खात्यावर तो नकार राहतो. वर बसून सही करणाऱ्याला फराळ मिळतो. एवढी वर्षं धंद्यात काढून हा हिस्सा त्यांनी कधी पाडला नव्हता.

"तिथे कोणाला माझं तोंड दिसणार नाही," हिमानी म्हणाली. "मला थोडे दिवस तसं हवंय. बस."

तिथल्या हॉलमध्ये डबा खाणारी ती मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. हिमानीला जाऊ नको म्हणायला त्यांच्याकडे एकच मुद्दा होता, की मला करमणार नाही. आणि हा मुद्दा कुठल्याच कागदात बसत नाही हे त्यांना कळत होतं.

"लिही," ते म्हणाले. "फोनवर मी जे 'नाही' म्हणालो ती माझी चूक. मुलीत काही खोट नाही."

तिने लिहिलं. खाली हातोडी पुन्हा सुरू झाली होती, त्यामुळे ते तिच्या कानाशी वाकून, जरा मोठ्याने सांगत होते. तिची कामाची रीत, तिची सचोटी, सगळं झालं. तिने इंग्रजीत घालताना काही शब्द मऊ केले असतील. त्यांनी हरकत घेतली नाही. हळू आहे ते मात्र त्यांनी काढू दिलं नाही. तिने वाद घातला की यानेच पुन्हा अडकेल. ते म्हणाले, लिही की स्वतः जाऊन बघते म्हणून वेळ लागतो. ज्याला हे नको असेल त्याने तुला घेऊच नये. यावर तिने तसंच लिहिलं.

मग ती शेवटची ओळ आली.

"काका, आता ते परत घेण्याचं लिहायला लागेल. तुमच्या मते अपशकुन आहे. तसं नको असेल तर आपण नुसतं—"

"लिही. घेऊ."

"'कंपनी हिला पुन्हा कामावर घेईल.' बस इतना काफ़ी है."

"कधीपर्यंत घेऊ ते?"

"ते नाही लिहीत कोणी. हो किंवा नाही, एवढंच असतं."

"मी असेपर्यंत, असं लिही," प्रल्हादराव म्हणाले.

हिमानी पडद्याकडे बघत राहिली. ऐसा कोई नहीं लिखता, काका, असं काहीतरी ती पुटपुटली. तिने तोंड वळवून ओढणी नाकाला लावली. मग तिने ते जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं आणि त्यांना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. बिंदुमाधवांनी वळून विचारलं, कोण गेलं? कोणी नाही, दोघंही एकदम म्हणाली.

ती उठली आणि तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. पाठवायचं बटण कुठलं ते दाखवलं. प्रल्हादरावांनी चष्मा नाकावर चढवला, खरा उंदीर सरकवावा तसा तो माऊस हळूहळू त्या निळ्या चौकोनापर्यंत नेला, आणि बोट उचलून थांबले.

"हे दाबलं की गेलं?"

"गेलं."

त्यांनी मान हलवली, बोट तसंच हवेत धरलं, आणि तिला म्हणाले, आधी डबा काढ, खाऊन घे, तोवर कोणी वर आलं तर मी बघतो. हिमानीने डबा उघडला. ती पहिला घास घेईपर्यंत ते वाट बघत होते, मग त्यांनी बटण दाबलं.